बरा म्हणजे किती

९ जानेवारी २०२५, गुरुवार

ही वही कारखान्याची आहे. मागच्या वर्षी निवृत्त झालो त्या दिवशी टेबलाच्या खणात दोन कोऱ्या इन्स्पेक्शन वह्या निघाल्या, त्या पिशवीत टाकल्या. चौतीस वर्षांत कारखान्यातून उचललेली एवढीच वस्तू. पानावर छापील रकाने आहेत: वस्तू, दोष, शेरा, सही. आता वस्तू मीच आहे.

दोष असा. नोव्हेंबरात दाढ काढली. त्यानंतर रोज संध्याकाळी बारीक ताप, भूक नाही, सहा आठवडे हेच. घराजवळच्या, सोनागिरीतल्या डॉक्टरांनी आधी मलेरिया ठरवला, मग टायफॉइड, आणि दोन्हींच्या गोळ्या चारल्या. बायकोने, मनोरमाने, दृष्ट काढून मिरच्या जाळल्या, शेजारी खोकले. शेवटी काल इथे, भोपाळच्या मोठ्या हॉस्पिटलात, भरती झालो. डॉ. श्रीवास्तव यांनी छातीवर यंत्र फिरवलं आणि सांगितलं की हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलं आहे. दाढेतून रक्तात, रक्तातून झडपेवर. त्या झडपेला तीन पाकळ्या असतात, मला जन्मापासून दोनच. म्हणजे सरळ मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट. एकसष्ट वर्षं माल चालू राहिला आणि कोणाच्या तपासणीत आला नाही.

ते यंत्रही माझ्या ओळखीचं. टर्बाइनच्या ओतीव भागांवर मी तेच अल्ट्रासाउंड फिरवून आतली चीर शोधायचो. डॉक्टरांना विचारलं, "प्रोब कितने मेगाहर्ट्झ का है?" ते म्हणाले, "आप आराम कीजिए."

सहा आठवडे शिरेतून औषध. तेवढ्याने भागलं नाही तर ऑपरेशन. सोळा वर्षांपूर्वी आमचा प्रसाददादा नागपूरला ऑपरेशनसाठी स्वतःच्या पायांनी चालत आत गेला होता. जाताना मला म्हणाला, चहा सांगून ठेव. तो चहा मीच प्यायलो. त्या शब्दाची मला भीती वाटते, आणि हे लिहायला लाज वाटत नाही कारण वही कोणी वाचत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

इथे माझ्या नावाचं पीठ झालं आहे. पिपलापुरे, पिंपलपुरी, एक्स-रेवाला तर "पिपलानी अंकल" म्हणाला. पिपलानीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं काढली, तेव्हा तेही चालेल. एक सिस्टर नीलू मात्र "पिंपळापुरे" म्हणते, अगदी ळ सकट. मुलीचा कान चांगला असावा.

ती रोज सकाळी फॉर्म घेऊन येते. "अंकल, आज आपकी तबीयत कैसी है?" खाली पाच चौकोन: बहुत अच्छी, अच्छी, ठीक-ठाक, खराब, बहुत खराब. दोन्ही दिवस मी सांगितलं, "बरा आहे." माणसाने विचारलं की तोंडातून मराठीच येतं, मग भोपाळात कितीही वर्षं काढा.

खरं म्हणजे मी बरा नाही. अंगात त्राण नाही आणि घास तोंडात फिरतो. पण वाईट बोलायचं नाही हे आमच्या आईने लहानपणी ठोकून बसवलं आहे. वास्तू तथास्तु म्हणते. डब्यातले तांदूळ संपले तरी आई "वाढले" म्हणायची. निघताना "जातो" म्हटलं तर परत बसवून "येतो" म्हणायला लावायची. मी इंजिनियरिंग डिप्लोमा केलेला माणूस, माझा यावर विश्वास नाही. फक्त उगाच कशाला?

लिहिण्याला मात्र हरकत नसावी. वास्तू ऐकते, वाचत नाही. म्हणून खरं काय ते इथे.

११ जानेवारी, शनिवार

आज घोटाळा पकडला. नीलू फॉर्म भरत होती आणि मला तो उलटा दिसत होता. उलटा कागद वाचणं ही आमच्या खात्यातली पहिली विद्या. ठेकेदार समोर बसून काय लिहितो ते त्याच्या नकळत वाचावं लागतं. पाहतो तर टिकची खूण चौथ्या चौकोनात. खराब. आधीच्या दोन दिवसांचीही तिथेच.

मी म्हटलं, "सिस्टर, यह क्या? मैंने बरा बोला."

"हाँ अंकल, वही तो लिखा. बुरा."

डोकं धरलं. तिला समजावून सांगितलं की बरा माने अच्छा, मराठीत बरा, हिंदीतला बुरा नाही, एका उकाराने माणसाचा जीव जाईल. ती गंभीर चेहरा करून ऐकत होती. मनोरमा पदराआड हसत होती, तिला अशा वेळी हसू येतं. शेवटी डॉक्टर आले तेव्हा मी त्यांच्यासमोर तिन्ही खुणा दुरुस्त करून घेतल्या. चुकीची नोंद म्हणजे चुकीची नोंद, मग ती माझ्या बाजूची असो वा विरुद्ध.

डॉक्टरांना विचारलं, रक्त तपासता, फोटो काढता, मग हा प्रश्न रोज कशाला? ते म्हणाले, "इस बीमारी में मरीज़ अपने बारे में जो कहता है, कई बार वह रिपोर्ट से पहले सच निकलता है. जो कहता है मेरी हालत खराब है, उस पर हम ज़्यादा नज़र रखते हैं."

मी मान डोलावली. हे इतर पेशंटांच्या बाबतीत बरोबर असेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आज पहिल्यांदा दिवसभर ताप नाही. मनोरमाने सोनागिरीहून बस पकडून तिळाच्या वड्या आणल्या आणि सगळ्या वॉर्डात वाटल्या. नीलूच्या हातावर वडी ठेवून म्हणाली, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

नीलू म्हणाली, "आंटी, यह अंकल को मत बोलिए. वो तो पहले से ही बहुत मीठा बोलते हैं."

मला बरं वाटलं. कारखान्यात माझ्याबद्दल हे कोणी म्हटलं नव्हतं. तिथे मला मागून "रिजेक्ट साहब" म्हणत. ओतीव भागात केसाएवढी चीर दिसली तरी मी लाल रंगाने फुली मारायचो, आणि मग मोठे साहेब आले, चहा पाजला, देशाचं उत्पादन थांबतंय म्हणाले, तरी फुली पुसायचो नाही. चौतीस वर्षांत एकाही खोट्या अहवालावर माझी सही नाही. त्यापायी दोन बढत्या हुकल्या, त्याचं काही वाटत नाही. थोडं वाटतं.

पुण्याहून जुईचा फोन आला. तिच्या कॉलेजात परीक्षा चालू आहेत, पेपर तपासायला घेऊन बसली होती. "बाबा, खरं सांगा, कसे आहात?" मी म्हटलं, बरा आहे. यात लेकीला काय सांगायचं?

१८ जानेवारी, शनिवार

चार दिवस ताप नाही. रक्तातले आकडे उतरले. डॉक्टर खूश. मी सलग सात दिवस "बरा" म्हटलं आणि सलग सात दिवस दुसऱ्या चौकोनात खूण झाली, अच्छी. पद्धत बसली की काम आपोआप होतं.

इथली गादी फार मऊ आहे. पाठ टेकली की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. मनोरमाकडून आणखी एक उशी मागवली. मराठीत मागितली, तर मनोरमा उठायच्या आत नीलूनेच कपाटातून काढून दिली. हुशार आहे, हावभावावरून कळलं असणार.

२१ जानेवारी, मंगळवार

पुन्हा तेच! आज फॉर्म पाहिला तर खराब. मी चिडलो. चिडताना धाप लागली, त्यामुळे वाक्य तीन तुकड्यांत बोलावं लागलं, त्याचाही राग आला.

"सिस्टर, आपको समझाया था. बरा माने क्या?"

"अच्छा."

"फिर?"

तिने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, "अंकल, मैंने वही लिखा जो मुझे सुनाई दिया."

दहा दिवसांपूर्वी शिकवलेला शब्द विसरली. ळ म्हणता येतो आणि ब कळत नाही, कमाल आहे. मी डॉक्टरांकडे तक्रार केली. डॉक्टरांनी तिला सांगितलं की पेशंट म्हणेल तेच लिहायचं, आपल्या मनाचं नाही. तिने खूण बदलली. मान खाली घालून बदलली तेव्हा मला जरा जास्तच झालं असं वाटलं. पण नियम तो नियम.

संडासापर्यंत जायला फरशीच्या बावीस लाद्या आहेत. पहिल्या आठवड्यात एका दमात जायचो. आता मध्ये खिडकीशी थांबतो. खिडकीतून कडुनिंब आणि स्कूटर स्टँड दिसतो, पाहण्यासारखं आहे.

२२ जानेवारी, बुधवार

आज मनोरमा विचारत होती की खिडकीशी रोज इतका वेळ काय पाहता. म्हटलं, कोणाची स्कूटर कशी लावली आहे ते. ती म्हणाली, "अहो, पाय दाखवा." मी पांघरूण ओढून घेतलं. घोट्यापाशी मोजा रुततो, त्याची खूण राहते. बसून बसून होतं तसं.

ती आणि नीलू दारात कुजबुजत होत्या. बायकांची इथेही मैत्री झाली. मनोरमाला हिंदी धड येत नाही, इतकी वर्षं भाजीवाल्याशी "वो वाला" आणि "ये वाला" एवढ्यावर भागवलं आहे, आणि त्या मुलीशी मात्र दहा मिनिटं बोलते. काय बोलत असतील कोण जाणे.

२३ जानेवारी, गुरुवार

आनंदाची बातमी. सोमवारी सुट्टी. उरलेली इंजेक्शनं घराजवळच्या दवाखान्यात घ्यायची. डॉक्टर म्हणाले, "बुखार नहीं, खून की रिपोर्ट बढ़िया, आप खुद कहते हैं अच्छा हूँ. और क्या चाहिए?" ऑपरेशनचा विषय निघाला नाही. मी मनोरमाला म्हटलं, सोमवारी संध्याकाळी मऊ भात आणि मेतकूट. ती "हो" म्हणाली आणि लगेच बाहेर गेली.

नोंदीसाठी लिहून ठेवतो. उशा तीन. आडवं होता येत नाही. खोकला आहे, कोरडा. काल अर्धी पोळी. सर्दीच असणार. घरी गेलं की सगळं रुळावर येईल. अशा गोष्टी आता बोलून दाखवल्या तर सोमवार जाईल, आणि सोमवार गेला की तो दुसरा शब्द येईल. प्रसाददादाचा चहा आठवला.

२५ जानेवारी, शनिवार

संध्याकाळ झाली आहे. आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी नीलू आली. नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. मी आपणहून म्हटलं, "बरा आहे." तिने फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला, वर पेन ठेवलं.

"आज आप खुद भरिए. रोज मुझसे गलती हो जाती है. और नीचे दस्तखत कीजिए, साहब."

पंधरा दिवस अंकल होतो, आज साहब. मी चष्मा लावला. फॉर्मच्या तळाशी ओळ होती, इतके दिवस तिकडे लक्ष गेलं नव्हतं: मेरी जानकारी में यह सही है. खाली सहीची जागा. वर पाच चौकोन.

पेन अच्छीवर नेलं. हात पुढे जाईना. मनोरमा कॉटच्या पायथ्याशी उभी होती. मला हैदराबादला जाणारा तो मोठा ओतीव भाग आठवला, ज्याची चीर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि सगळे म्हणत होते, पिंपळापुरे, एवढी सही कर. तिथे केली नाही आणि इथे करतोय? तिथे माल दुसऱ्याचा होता. इथे तर माल, तपासनीस आणि लबाड ठेकेदार तिन्ही मीच.

बोलायचं नव्हतंच. लिहायचं होतं. वास्तू वाचत नाही.

मी पाचव्या चौकोनात खूण केली. बहुत खराब. शेजारी जागा होती तिथे लिहिलं: तीन तकिये. लेट नहीं सकता. बाईस टाइल में दो बार रुकता हूँ. पाँव में सूजन. मग सही केली, पूर्ण, भ. ग. पिंपळापुरे, तारीख आणि वेळेसकट. सही करताना डोळ्यांत पाणी आलं ते नीलूने पाहिलं नसावं, कारण कागद हिसकावल्यासारखा घेऊन ती धावत गेली.

दहा मिनिटांत डॉक्टर. वीस मिनिटांत ते यंत्र. पडद्यावर मलाही दिसलं. चौतीस वर्षं आतली चीर शोधली, ती ओळखता येणार नाही का? दोन पाकळ्यांपैकी एकीला भोक पडलं आहे. जंतू मेले, पण मरताना पाकळी खाऊन गेले. हृदय जेवढं रक्त पुढे ढकलतं त्यातलं बरंचसं त्या भोकातून मागे येतं. म्हणून ताप नाही, रक्ताचे आकडे सुरेख, आणि माणूस बुडतोय.

डॉक्टर म्हणाले, "आप सोमवार को घर चले जाते तो..." आणि वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, "कल सुबह ऑपरेशन."

शब्द आला. आश्चर्य म्हणजे, आल्यावर तेवढा मोठा वाटला नाही. भीती वाटते, खूप वाटते, पण अहवाल खरा गेला आहे. खऱ्या अहवालावर जे होईल ते होईल.

शेरा: रिजेक्ट. दुरुस्तीसाठी पाठवला.

२६ जानेवारी, रविवार

मी मनोरमा. हे आत आहेत म्हणून मी लिहिते. वहीत खाडा पडलेला यांना चालत नाही.

सकाळी साडेआठला नेलं. ढकलगाडीवर बसून होते, आडवं होता येईना. मला म्हणाले, "येतो." मी म्हटलं, "या." खाली आवारात झेंडावंदन चाललं होतं, तेव्हाच दार बंद झालं. कोणीतरी बुंदीचा लाडू आणून दिला, तो मुठीत तसाच राहिला.

वही मी दुसऱ्या दिवसापासून वाचते. यांना वाटतं वास्तू वाचत नाही. वास्तू वाचत नसेल, बायको वाचते. तीन उशांचं वाचलं तेव्हा कळलं, ही सर्दी नाही. डॉक्टरांना सांगावं तर हे उठून बसतील, मी ठणठणीत आहे म्हणतील, आणि यांचं बोलणं कसं असतं, समोरच्याला पटतं. आतल्या आत नुसती जळत होते. शेवटी नीलूला सांगितलं. ती म्हणाली, वदवून घ्यायचं नाही, लिहवून घ्यायचं. आणि सही घ्यायची. या माणसाला सहीनेच पकडता येईल असं तिचं म्हणणं. तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती लिहीत नाही. तिने वचन घेतलंय.

दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. हसत होते. नवी झडप बसली. हृदय आपणहून चालू झालं.

मी लाडू खाल्ला. जुई संध्याकाळच्या विमानाने येतेय.

३ फेब्रुवारी, सोमवार

हात स्थिर आहे. मनोरमाने मध्ये लिहिलेलं वाचलं. पंधरा दिवस वाचत होती! पण तिचं अक्षर सरळ आणि वेळा नोंदलेल्या आहेत, त्यामुळे माफ. नीलूची ती गोष्ट काय म्हणून विचारलं तर म्हणाली, वचन म्हणजे वचन.

झडप धातूची आहे. दुपारी वॉर्ड शांत असला की टिक टिक ऐकू येते. जुई म्हणते, बाबा, तुम्ही घड्याळ गिळलंय. जन्मभर दर दिवशी एक गोळी आणि दर महिन्याला रक्ततपासणी. चालेल. मशिनला देखभाल लागतेच.

सर्वांत मोठी गोष्ट ही की झडपेबरोबर कार्ड मिळालं. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, माप, आणि सिरीयल नंबर! मी सर्जनना विचारलं, हिची तपासणी झाली आहे ना? ते म्हणाले, "एक-एक पीस की होती है." कुठेतरी एका टेबलाशी माझ्यासारखाच एक किरकिरा माणूस बसला असेल. त्याने ही झडप भिंगाखाली धरली असेल, आणि मग सही केली असेल. त्या अनोळखी माणसाच्या सहीवर माझं हृदय चाललं आहे. कार्ड तीनदा वाचलं. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, पण देवाच्या हाताखाली तपासनीस चांगले असावे लागतात.

काल बावीस लाद्या एका दमात गेलो. परतही आलो. खिडकीशी थांबलो नाही. स्कूटर स्टँडकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

नीलूची ड्यूटी दुसऱ्या मजल्यावर बदलली आहे. भेटली नाही. तिला काही सांगायचं आहे पण काय ते जमत नाही.

१० मार्च, सोमवार

आज सुट्टी. सहा आठवडे पुन्हा मोजून पुरे केले, एकही दिवस कमी नाही. डॉ. श्रीवास्तव हात मिळवायला आले. म्हणाले की माझा तो फॉर्म ते शिकाऊ डॉक्टरांना दाखवतात. मी विचारलं, सही दिसते ना नीट?

घरी मऊ भात आणि मेतकूट. दोनदा घेतला.

१५ एप्रिल, मंगळवार

तपासणीची तारीख होती. मनोरमा म्हणाली, मीही येते, पण मी एकटाच गेलो. सोनागिरीहून बस, बसस्टॉपपासून चालत. रॅम्प सोडून जिना चढलो, एकोणचाळीस पायऱ्या, मध्ये न थांबता. वर पोहोचून नाडी मोजली. मग उगाच खाली उतरून पुन्हा चढलो.

दुसऱ्या मजल्यावर नीलू दिसली. मला पाहून उभी राहिली. मी तिला म्हटलं, "सिस्टर, वह फॉर्म लाइए." फॉर्म आणला. मी स्वतः भरला. दुसरा चौकोन, अच्छी. पहिला आम्ही कोणालाच देत नाही. सही केली. आणि सवयीने तोंडातून गेलं, "बरा आहे."

ती म्हणाली, "बरा म्हणजे किती, काका?"

मी पाहतच राहिलो. शुद्ध मराठी. वऱ्हाडी हेल, पण आपली मराठी.

"मी मुलताईची आहे," ती म्हणाली. "आमच्या घरी मराठीच बोलतात. पहिल्या दिवशी तुम्ही बरा म्हणालात ना, तेव्हाच कळलं होतं."

ळ. दुसऱ्याच दिवशी मी वहीत लिहिलं होतं, ळ सकट म्हणते. चौतीस वर्षं केसाएवढी चीर शोधणारा माणूस, आणि एवढा मोठा ळ समोर असून दिसला नाही. अक्कल बढतीबरोबरच हुकली असावी.

"मग बुरा का लिहिलंस?"

ती फॉर्मची घडी घालत होती. "आमचे बाबाही असंच म्हणायचे. दवाखान्यात सहा आठवडे. सगळ्यांना सांगायचे, बरा आहे, बरा आहे. मीही तेच लिहून द्यायची, तेव्हा मी शिकत होते. एक दिवस बरा म्हणाले आणि संध्याकाळी गेले." मग तिने वर पाहिलं. "तुमचा चेहरा त्यांच्यासारखाच होता, काका. म्हणून तुमचा बरा मला ऐकूच आला नाही. ते फॉर्मात लिहायला नको होतं, डॉक्टर रागावले ते बरोबरच होतं. मग काकू म्हणाल्या, त्यांच्या वहीत सगळं खरं असतं. तेव्हा सुचलं, पेन तुमच्याच हातात द्यावं."

खोटी नोंद केली म्हणून मी तिची तक्रार केली होती. त्या कागदावर खोटी नोंद एकच होती आणि ती माझी. मी तिथल्या तिथे हात जोडले. तिने ते पकडून खाली केले आणि म्हणाली, "काका, असं नका करू, वास्तू बघते."

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. पिपलानीवरून आलो, आमचं जुनं क्वार्टर दिसलं, अंगणात कोणाचे तरी कपडे वाळत होते. मी रडत होतो आणि ते चांगलं रडणं होतं. शेजारच्या माणसाने विचारलं, "तबीयत ठीक है?" म्हटलं, "एकदम."

घराशी आलो. उंबऱ्यात थांबलो आणि आत तोंड करून मोठ्याने म्हणालो, "मी बरा आहे."

स्वयंपाकघरातून मनोरमाचा आवाज आला, "कोणाला सांगताय?"

"वास्तूला. तथास्तु म्हणू दे तिला."

भांडी ठेवल्याचा आवाज झाला. "मग नीट सांगा तिला, किती बरा ते."

मी चपला काढल्या आणि सांगितलं. एकोणचाळीस पायऱ्या, दोनदा. उशी एक.